हॉर्न ऐकणारा सिग्नल आणि आठ मोटारींची बैलगाडी

प्रतिशिर्डीच्या साईमंदिरामुळे मावळातल्या शिरगावचं नाव महाराष्ट्रभर पोचलं. गुरुवारी सोमाटणे फाट्याच्या बाजूला साईभक्तांच्या गाड्या वळतात, आणि त्याच रस्त्यावर कामगारांच्या बस, रिक्षा, ट्रॅक्टर, शाळेची पोरं असा सगळा मेळा असतो. तिथून जवळच मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. त्याच्यावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि पादचारी, सगळ्यांनाच मनाई. वाहतूक मोजणाऱ्या यंत्रांची खरी परीक्षा बघायची तर हे दोन शेजारी रस्ते पुरेसे आहेत.

द्रुतगती मार्गाचा पेपर सोपा. जुलै २०२४ पासून तिथे कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा चालू आहे आणि ती गाडीचा सरासरी वेगही काढते. कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायचा, पुढे गेलं की पुन्हा सुसाट, ही युक्ती इथे चालत नाही. समजा दोन कॅमेऱ्यांमध्ये २० किलोमीटर अंतर आहे. ताशी १०० च्या मर्यादेत ते कापायला १२ मिनिटं लागतात. तुम्ही १० मिनिटांत पोचलात, तर सरासरी १२० झाली आणि चलान पक्कं. फूडमॉलवर चहा प्यायला थांबलात तर हिशेब आपोआप सुटतो, हा भाग वेगळा!

हॉर्न वाजवा, हिरवा मिळवा

शेजारच्या सरमिसळ रस्त्याचा पेपर अवघड. तो सोडवायला यंत्रं हळूहळू शिकली. गाडीची चाहूल घेऊन बदलणारा सुरुवातीचा सिग्नल चक्क कानाने चालायचा. १९२८ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये चार्ल्स ॲडलर यांनी खांबावर मायक्रोफोन बसवला. आडरस्त्यावरून येणाऱ्याने हॉर्न वाजवायचा, की मोठा रस्ता थांबायचा आणि याला हिरवा मिळायचा. मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये बरोबर उलटं करून दाखवलं. सिग्नलला आवाज मोजणारं यंत्र जोडलं आणि हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून! हॉर्नला बक्षीस आणि हॉर्नला शिक्षा, दोन्ही एकाच जातीच्या सेन्सरने. मला मुंबईचा प्रयोग जास्त भावतो.

पुढे डांबरात खाच पाडून तारेचं वेटोळं पुरण्याची पद्धत जगभर रुळली. तारेतून वीज खेळत असते. वर धातूचा मोठा पत्रा आला की वेटोळ्याचा विद्युत गुणधर्म बदलतो आणि गाडी आल्याचं कळतं. मोटार सहज सापडते, पण कडेने सरकलेली दुचाकी निसटू शकते. आणि रस्ता खोदला की तार तुटलीच. आपल्याकडे पाण्याची लाइन, मग केबल, मग गटार असा क्रम चालतो, तेव्हा वरून बघणारे कॅमेरे आणि रडारच बरे.

बैलगाडी म्हणजे किती मोटारी?

यंत्र नसेल तिथे वाहतुकीचा सर्व्हे करणारी मुलं रस्त्याकडेला छत्री लावून बसतात. कागदावर चार उभ्या काड्या, पाचवी आडवी, प्रत्येक प्रकारच्या वाहनाचा रकाना निराळा. मग सगळ्याचं रूपांतर मोटारींत होतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या कोष्टकात गावाकडच्या रस्त्यावर मोटारसायकल म्हणजे अर्धी मोटार, बस किंवा ट्रक म्हणजे तीन, आणि मोठी बैलगाडी तब्बल आठ! छोटी असेल तर सहा. मावळातल्या बैलांना हा मान शोभतो. खरं कारण मात्र वेगाचं आहे: संथ गाडी मागच्यांची जेवढी वाट अडवते, तेवढं तिचं वजन वाढतं.

आणि मोटारी मोजायला कॅमेराही नवा नाही. ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी १९३० च्या दशकात ओहायोत चलतचित्र कॅमेऱ्याने वाहतूक टिपली. त्यांच्या सूत्राप्रमाणे रस्त्यावरून सगळ्यात जास्त गाड्या पार होतात त्या मोकळ्या वेगाच्या निम्म्यावर, भन्नाट वेगाने नव्हे.

आज तर तुमचा खिशातला फोनच सेन्सर आहे. टॉमटॉमच्या २०२४ च्या यादीत पुणे जगात चौथं आलं: दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. हा आकडा चालत्या गाड्यांच्या माहितीवरून काढलेला. पण फोनची साक्ष फसवीही असते. बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलाकाराने हातगाडीत ९९ फोन भरून रिकाम्या रस्त्यावरून ती ओढली आणि २०२० मध्ये तो प्रयोग जगापुढे ठेवला. गुगलच्या नकाशावर तो रस्ता लालभडक झाला होता!

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने मांडलेली पद्धत मला सर्वांत पटते. ती सिग्नलवरची प्रत्येक घडामोड सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत नोंदवते आणि विचारते, किती गाड्या हिरव्यावर पोचल्या? किती लालवर अडकल्या? वेग बाजूला राहतो, माणसाचा खोळंबा मोजला जातो.

पण मोटारींच्या त्या कोष्टकात एक रकानाच नाही: पायी चालणाऱ्याचा. बैलगाडी आठ, सायकल अर्धी, आणि नारळाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या आजी शून्य. सेकंदाला १.२ मीटरच्या चालीने २४ मीटर रस्त्याला २० सेकंद लागतात, ०.८ च्या चालीला ३०. ब्रिटनमध्ये ‘पफिन’ नावाच्या क्रॉसिंगवरचे सेन्सर माणूस पलीकडे पोचेपर्यंत गाड्यांना थांबवून धरतात. असा सेन्सर पुणे जिल्ह्यात कुठे बसवायचा, असं कुणी विचारलं तर मी सोमाटणे फाट्याचं नाव देईन, आणि चाचणीला गुरुवार.