इंग्रजी वाक्यांतील जोडअव्यये

वर्धा नदीच्या काठाजवळ वसलेल्या घुग्घुससारख्या औद्योगिक गावात, जेथे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडच्या) कोळसा खाणी आणि सिमेंटचा कारखाना यांमुळे मराठी, तेलुगू व हिंदी बोलणारी कुटुंबे एकत्र नांदतात, तेथे भरतीची जाहिरात किंवा ठेक्याच्या शर्ती पुष्कळदा इंग्रजीतच समोर येतात. त्यांतील कठीण शब्दाचा अर्थ शब्दकोशात मिळतो. परंतु वाक्यांना सांधणाऱ्या चिमुकल्या अव्ययांचे मर्म रचनेतूनच उमगते, आणि तेथेच भलेभले अडखळतात.

मोरो केशव दामले यांनी 1911 साली प्रसिद्ध झालेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात ज्यांचा सांगोपांग विचार केला आहे, ती उभयान्वयी अव्यये मराठीत वारंवार जोडीने येतात: जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा. या सवयीमुळेच आपला विद्यार्थी ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही वेंट टू वर्क’ असे लिहून मोकळा होतो. इंग्रजीत ‘ऑल्दो’ एकटाच पुरेसा असतो. जोर द्यावयाचा तर पुढे ‘येट’ चालतो, ‘बट’ मात्र निषिद्ध. ‘बिकॉज’ने कारण सांगितल्यावर परिणामासाठी ‘सो’ जोडणे हीही त्याच जातीची चूक होय.

उलट काही अव्ययांना जोडीदार अनिवार्य असतो: ‘आयदर’ला ‘ऑर’, ‘नायदर’ला ‘नॉर’, ‘नो सूनर’ला ‘दॅन’. यांपैकी पहिल्या दोन जोड्यांत दोन्ही अंगांस सारख्याच स्वरूपाचे पद लागते, आणि क्रियापद जवळच्या कर्त्याचे वचन घेते. म्हणून ‘नायदर द सुपरवायझर नॉर द वर्कर्स वेअर प्रेझेंट’ असे लिहावे. ‘ॲज वेल ॲज’चा कायदा निराळा आहे. तेथे क्रियापद पहिल्या कर्त्याशी एकनिष्ठ राहते: ‘द सुपरवायझर ॲज वेल ॲज द वर्कर्स वॉज प्रेझेंट’. ‘नो सूनर’ने वाक्य आरंभिले, तर साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या अगोदर येते: ‘नो सूनर हॅड द सायरन साउंडेड दॅन द शिफ्ट बिगॅन’.

सर्वांत जपावे ते ‘अनलेस’ला. ‘युवर ॲप्लिकेशन विल बी रिजेक्टेड अनलेस यू सबमिट द सर्टिफिकेट’ म्हणजे दाखला दाखल न केल्यास अर्ज नामंजूर. नकार या अव्ययाच्या पोटातच असल्यामुळे ‘सबमिट’पूर्वी ‘डू नॉट’ घातले, की दाखला देणाऱ्याचाच अर्ज फेटाळला जाईल असा विपरीत अर्थ निघतो. अर्जदाराने नीट वाचले आणि लिहिणारा चुकला, तरी नुकसान अर्जदाराचेच.

सन 2000 पासून महाराष्ट्रातील शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते; तथापि या अव्ययांची यादी पाठ करविल्याने ती हस्तगत होत नाहीत. शिक्षकाने मराठी आणि इंग्रजी वाक्य फळ्यावर शेजारी मांडून कोठे दोन सांधे लागतात व कोठे एकच पुरतो, हे मुलाकडूनच शोधवून घ्यावे; कारण मातृभाषेची घडण ओळखणाऱ्या मुलालाच परभाषेचे वेगळेपण ठळकपणे दिसते, आणि पुढे हातात पडणाऱ्या कराराची प्रत्येक शर्त तो निर्भयपणे वाचू शकतो.