बामणघळीतली त्रिकोणमिती

गुहागर तालुक्यातल्या हेदवीला दशभुज गणेशाचे दर्शन घेऊन लोक समुद्राकडे उतरतात ते बामणघळ पाहायला. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळाला पडलेली ही अरुंद भेग. भरतीची लाट तीत शिरते, दोन्ही बाजूंनी दाटते आणि पुढे वाट न उरल्याने फवारा होऊन वर उसळते. ओहोटीला मात्र घळ शांत असते.

साइनचा आलेख उचलून वर ठेवला की काय होते, ते इथे अक्षरशः अंगावर उडते. लाटेचा आवर्तकाल काही सेकंदांचा, भरतीचा 12 तास 25 मिनिटांचा. ढोबळमानाने दोन्ही साइनचेच वक्र, एक दुसऱ्यापेक्षा प्रचंड ताणलेला. भरती इतकी सावकाश चढते की लाटेच्या लेखी ती बेरजेत मिळवलेली एक स्थिर संख्याच. लाटांचा अख्खा आलेख तेवढा वर सरकतो आणि एरवी घळीच्या तोंडाशीच विरणारी लाट आत पोचते.

भरतीतही एकच वक्र नसतो. वरचा 12 तास 25 मिनिटांचा वक्र चंद्रामुळे येणारा. सूर्यामुळे येणारा वक्र नेमका 12 तासांचा, आयामाने चंद्राच्या निम्म्याहून लहान. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोघांची शिखरे जुळतात, ते उधाण. अष्टमीच्या आसपास एकाचे शिखर दुसऱ्याच्या दरीवर येते, तो भांग. शिवाय भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते, म्हणजे वक्र उजवीकडे सरकतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा: आठाची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. वक्र किती सरकला ते, म्हणजे त्याची कला, मोजण्याची इतकी सुटसुटीत रीत पाठ्यपुस्तकातही असायला हवी.

अशा वक्रांची बेरीज करणारे यंत्र विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी 1872च्या सुमारास घडवले. त्यात प्रत्येक वक्रासाठी एक कप्पी. ती किती वर-खाली होते तो आयाम, किती वेगाने होते त्यावर आवर्तकाल, सुरुवातीला कुठे असते ती कला. सगळ्या कप्प्यांवरून ओवलेली एकच तार त्यांची बेरीज कागदावर उमटवी. पुढे 1879 साली खास भारतातल्या बंदरांसाठी असे यंत्र इंग्लंडमध्ये तयार झाले. त्रिकोणमितीचे सूत्र पितळेत ओतलेले याहून सुंदर रूप मला माहीत नाही.

बामणघळीचा फवारा पाहायचा असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत दुपारच्या सुमारास जावे, आणि काठापासून लांब उभे राहावे. ओला कातळ फार निसरडा असतो.