सणापुरता मान : पांढुर्ण्याहून वार्तापत्र

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी इथल्या गोठ्यांतून बैलांना जेवणाचे आमंत्रण जाते. वर्षभर जुवाने घासून टणक झालेल्या खांद्यावर तूप-हळद लावायची, पळसाच्या पानाने ती हळूहळू जिरवायची आणि चोळता चोळता म्हणायचे, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' घरातला कर्ता माणूस हे म्हणतो, तेही हात जोडून. दुसऱ्या दिवशी, पिठोरी अमावास्येला, बैल तोरणाखालून फिरून दारात आले की घरची बाई त्यांचे पाय धुते, ओवाळते आणि पुरणाची पोळी तोंडाशी धरते. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही.

विदर्भातल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. वाटू नयेच. पांढुर्णा आणि सौसर नकाशात मध्य प्रदेशात असले तरी नागपूरहून सावनेर-केळवदच्या रस्त्याने सौसर सत्तरेक किलोमीटरवर आहे, आणि पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर. कापूस तोच, संत्री तीच, तूप-हळदीची ही खांदमळणीही तीच. 2023 च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यापासून तोडून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. मुंबई-पुण्याच्या वाचकाला मात्र हा मुलूख परका आहे. म्हणून इथल्या माणसांची एकमेकांना मान देण्याची रीत कशी आहे, ते थोडे सविस्तर सांगतो.

पाहुणा आला की आधी पाण्याचा गडवा पुढे येतो. अंगणाच्या कडेला पाय धुवायचे, मग छपरीत यायचे. छपरीत बाज टाकलेली असते. तिच्या उशाकडे पाहुण्याने किंवा वडीलधाऱ्याने बसायचे आणि पायथ्याशी घरच्या माणसाने. पोरगा कितीही शिकलेला असो, नागपुरात नोकरीला असो, चुलता आला की तो आपोआप पायथ्याकडे सरकतो. कोणी सांगत नाही, कोणी आभारही मानत नाही. बोलण्यात जागोजागी 'जी' येतो : 'या जी', 'बसा जी', 'काय म्हणता जी'. पुण्याच्या माणसाला ही हिंदीची छाया वाटते. पण तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात चक्रधरांशी बोलणारे भक्त 'जी' म्हणतात, आणि तो ग्रंथ वऱ्हाडात, रिद्धपुरात सिद्ध झाला. तेव्हा हा 'जी' कोणाकडून उसना आणलेला नाही.

नमस्काराचे प्रकार बाजारच्या दिवशी मोजावेत. म्हातारे शेतकरी 'राम राम' म्हणतात, माळकरी 'राम कृष्ण हरी' म्हणून एकमेकांच्या पायांशी वाकतात. तुकडोजी महाराजांच्या भजनात बसणारे 'जय गुरुदेव', बौद्ध वस्तीतले 'जय भीम', गोंड मंडळी 'जय सेवा'. मला यातली आवडलेली गोष्ट अशी की बहुतेक दुकानदार समोरच्याचा नमस्कार त्याच्याच शब्दात परत करतात. गोंड म्हातारा 'जय सेवा' म्हणाला तर किराणावालाही 'जय सेवा' म्हणतो, मग भाव सांगतो. हे धंद्याचे शहाणपण असेलही. पण गोंडांना या भागात मान मिळावा हे इतिहासालाही धरून आहे. छिंदवाड्याजवळचे देवगड ही गोंड राजांची राजधानी आणि तिथल्याच बख्त बुलंदने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवले. म्हणजे ज्या शहराकडे सौसरचा माणूस दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी आणि लग्नाच्या बस्त्यासाठी धावतो, ते शहर इकडच्याच राजाने उभे केलेले आहे.

थोडे उत्तरेला सरकले, छिंदवाड्याच्या हिंदीभाषक घरात शिरले, की नियम उलटा होतो. आपल्याकडे भाचा मामाच्या पाया पडतो, तिथे मामा भाच्याच्या पाया पडतो. बहात्तर वर्षांचा मामा दहा वर्षांच्या भाच्यापुढे वाकतो, आणि भाचा 'राहू द्या' असेही म्हणत नाही, कारण त्याला ते नेहमीचेच. लेक आईबापाच्या पाया पडत नाही, आईबापच तिचे पाय शिवतात. लेक ज्या घरी दिली, ते घर मानाचे आणि भाचा हा त्या घराचा. काही जण यासाठी कौसल्येच्या माहेराचा दाखला देतात : राम हा कोसलांचा भाचा, म्हणून भाचा देवाच्या ठिकाणी. आता सौसरकडची मुलगी छिंदवाड्याच्या हिंदी घरात दिली की पहिल्या माहेरपणात फार गंमत होते. मुलगी सवयीने बापाच्या पायाशी वाकते, आणि जावयाकडचे लोक 'अरे अरे, बेटी से पैर नहीं छुआते' म्हणून धावतात. दोन्हीकडचे हात मध्येच अडकतात. अशा घरांत कालांतराने कोणी कोणाच्या पाया पडायचे, याचा एक तह होतो आणि तो बहुधा बायकाच घडवून आणतात.

लेकीला देवी मानणारी हिंदी रीत ऐकून हुरळून जायचे कारण नाही. लेकीचे पाय शिवले जातात, सुनेचे नाही. सून इकडेही आणि तिकडेही पदर सावरून उभी राहते, मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यासमोर, बाजेवर टेकत नाही. तिने दिलेला मान सगळे मोजतात. तिला काय मिळाला, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आता सालदाराकडे येतो. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. गुढीपाडव्याला त्याचे साल सुरू होते. पोळ्याला मालक त्याला नवे कपडे देतो, बैलांबरोबर त्यालाही पंगतीला बसवतो. पोळा फुटल्यावर तो जोडी घेऊन घरोघर फिरतो आणि लोक त्याच्या हातावर बोजारा, म्हणजे सणाची बक्षिसी, ठेवतात. त्या दिवशी त्याची ऐट बघण्यासारखी असते. पण पांढुर्ण्याजवळच्या एका गावात, खांदमळणीच्या वेळीच, मी जे ऐकले ते असे : मालकाचा तिशीतला मुलगा बैलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, 'आवतन घ्या', आणि मान वळवून साठीच्या सालदाराला म्हणाला, 'ते टोपलं उचलून घे बे.' बैलाला 'घ्या' आणि बैल हाकणाऱ्याला 'घे'. दोघांपैकी कोणालाच त्यात काही खटकले नाही. मुलगा वाईट नव्हता. त्याच सालदाराच्या बायकोला त्याने स्वतःच्या मोटारसायकलवर नागपूरच्या दवाखान्यात नेले होते, हे मला नंतर त्या सालदारानेच सांगितले. म्हणजे कृतीत माया होती, बोलण्यात नव्हती. माझ्या मते त्या म्हाताऱ्याचा दोन्हींवर हक्क आहे. दवाखान्याची वेळ क्वचित येते, हाक मात्र दिवसातून पन्नास वेळा मारली जाते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. पहाटे नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात आणि त्याला झेंडा लावतात. त्याची पूजा होते आणि मग दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. पांढुर्ण्याच्या बाजूने झेंडा तोडून न्यायचा, सावरगावने तो राखायचा. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो, दगड थांबतात आणि मघापर्यंत एकमेकांना टिपणारे एकमेकांना भेटतात. दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत, त्यामुळे दुपारी ज्याचे डोके फुटले, त्याच्या समाचाराला फोडणाऱ्याच्याच घरचे कोणीतरी येते. दरवर्षी शेकडो जखमी होतात. आजवर डझनाहून अधिक जीव गेले. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले. चेंडू बाजूला पडले, दगड उरले. आता डॉक्टर, रुग्णवाहिका आणि पोलीस यांचा बंदोबस्त करून जिल्हा हा दिवस काढतो.

या खेळामागची कथा सांगतात ती प्रेमाची आहे. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता. दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघे पाण्यातच मेले. मग लोकांना पश्चात्ताप झाला, त्यांची कलेवरे देवीच्या देवळात नेऊन पूजा केली, आणि त्या आठवणीत हा खेळ सुरू झाला. कथा खरी असेल वा नसेल, तिचा क्रम मला विचार करायला लावतो. जिवंतपणी दगड आणि मेल्यावर पूजा. आणि त्या दोघांचा मान राखायचा म्हणून पुन्हा दरवर्षी दगडच. गोटमारीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, बाहेरच्यांनी आमच्या श्रद्धेचा अपमान करू नये. त्यांचे दुखणे समजते. पण फुटलेल्या डोक्याला टाके घालणारे, रात्रभर उभे असलेले सरकारी डॉक्टरही इथलेच. त्यांच्याही मानाचा प्रश्न कोणी एकदा चंडीमातेसमोर मांडला पाहिजे.

सौसरमध्ये फेब्रुवारी 2020 मध्ये मान-अपमानाचा वेगळाच प्रसंग उभा राहिला. शिवाजी महाराजांचा पुतळा परवानगी न घेता बसवला म्हणून प्रशासनाने तो जेसीबी लावून हटवला. लोक रस्त्यावर उतरले, नागपूर-छिंदवाडा रस्ता अडला, महाराष्ट्रातून निषेध आले. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री छिंदवाड्याचेच, कमल नाथ. शेवटी पुतळा सन्मानाने बसवू, असे आश्वासन सत्ताधाऱ्यांना द्यावे लागले. परवानगीचा मुद्दा कायद्याने चूक म्हणता येणार नाही. राग होता तो यंत्राच्या लोखंडी हातावर. तेच काम चार माणसांनी हार घालून, पुतळा हाताने उचलून केले असते, तर इतका भडका उडाला नसता, असे तिथल्या लोकांशी बोलताना वाटते.

पण पुतळ्यासाठी रस्ता अडवणाऱ्या त्याच गावांत मराठीचे रोजचे काय चालले आहे, तेही पाहावे. 1956 पूर्वी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी-मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा इकडे राहिला आणि त्याबरोबर सौसर-पांढुर्णाही. नव्या मध्य प्रदेशात कारभार हिंदीचा झाला. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे सांगणारे 350अ हे कलम त्याच वर्षी घटनेत आले, पण कलम असणे आणि वर्गात मराठीचे पुस्तक असणे यात फार अंतर पडते. आज इथला मुलगा घरी आजीशी मराठीत बोलतो, शाळेत हिंदीत लिहितो आणि तहसिलीत अर्ज देताना आपले आडनाव हिंदी वळणाने लिहिलेले पाहतो. तो तक्रार करत नाही. त्याला मराठी वाचता येते का, असे विचारले तर जरा ओशाळून म्हणतो, 'बोलता येते जी.'

यात सगळा दोष भोपाळचा नाही. सीमा ओलांडली की नागपूरचा व्यापारी संत्र्याच्या बागवानाशी हिंदीत सुरू होतो, 'भैया, क्या भाव?' बागवान मराठीत उत्तर देतो, तरी हा हिंदीतच पुढे रेटतो. सौसरजवळच्या जामसावळीच्या निजलेल्या हनुमानाला येणारे नागपूर-अमरावतीचे भाविक रस्ता हिंदीत विचारतात आणि त्यांना तो मराठीत सांगितला जातो. समोरचा आपला असू शकतो, हे गृहीतच धरलेले नसते. आणि आपली वर्तमानपत्रे? पांढुर्ण्याची बातमी त्यांच्यात वर्षातून एकदा हमखास येते, गोटमारीची, फुटलेल्या डोक्यांच्या फोटोसह. इथली संत्री, इथले पोळे, इथल्या बंद पडत चाललेल्या मराठी शाळा उरलेल्या वर्षभर कोणाच्याच पानावर नसतात.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच की इकडे आलात तर पहिले वाक्य मराठीत बोला आणि समोरच्याला 'तुम्ही' म्हणा. आणि संपादक महाशय, पुढच्या भाद्रपदात गोटमारीचा फोटो छापाल तेव्हा त्याच आठवड्यात सौसरच्या एखाद्या मराठी शाळेवर चार कॉलम राखून ठेवा. मजकूर मी पाठवतो.