उपग्रह-प्रतिमेवरून गावतळ्याचे मोजमाप

उन्हाळा तोंडावर आला, की टँकरच्या मागणीचे ठराव पंचायत समितीकडे येऊ लागतात आणि त्यांच्यापाठोपाठ एक जुनाच प्रश्न उभा राहतो : गावच्या तलावात पाणी नेमके किती उरले आहे? सरपंच एक सांगतात, पाहणीस आलेले अधिकारी दुसरेच लिहून नेतात. या वादात आता आकाशातून घेतलेल्या प्रतिमेची साक्ष काढता येते, आणि ती काढण्यास संगणक जाणणारा एखादा शिक्षकही पुरेसा आहे.

युरोपीय संघाच्या कोपर्निकस कार्यक्रमातील सेंटिनेल-२ मालिकेचा पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये सोडण्यात आला. या मालिकेतील दोन उपग्रह मिळून एकाच भूभागाची प्रतिमा साधारणतः दर पाच दिवसांनी घेतात. ती विनामूल्य मिळते. प्रतिमा लहान चौकोनी बिंदूंची बनलेली असते. हिरव्या व निकट-अवरक्त पट्ट्यांत एक बिंदू म्हणजे जमिनीवरील १० मीटर लांब व १० मीटर रुंद चौकोन, अर्थात बरोबर १ आर. सातबारावर आपण वाचतो तोच हा आर! भारताने १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा बिंदू ७२.५ मीटरचा होता. त्यात गावतळे जेमतेम दोन-चार बिंदूंत संपून जाई.

प्रतिमा मिळवून तिच्यावर संस्कार करण्यासाठी पायथॉन ही संगणकभाषा सोयीची आहे. एखाद्या कामासाठी तयार ठेवलेल्या आज्ञावलींच्या संचास तेथे ‘लायब्ररी’ म्हणतात. ‘पायस्टॅक-क्लायंट’ या लायब्ररीस गावाचे अक्षांश-रेखांश व तारखा दिल्या, की उपलब्ध प्रतिमांची यादी मिळते. ‘रास्टरिओ’ ही दुसरी लायब्ररी सुमारे ११० किलोमीटर रुंदीच्या प्रतिमेतून केवळ तळ्यापुरता तुकडा वाचून देते. जुन्या मार्गदर्शिकांत ‘सेंटिनेलसॅट’चे नाव आढळते, परंतु ती ज्या वितरण केंद्राशी जोडलेली होती ते २०२३ मध्ये बंद झाले.

पाणी थोडा हिरवा प्रकाश परत पाठविते, निकट-अवरक्त किरण मात्र जवळजवळ गिळून टाकते. जमीन व पिके यांचे वागणे याच्या उलट असते. म्हणून हिरव्या पट्ट्याच्या अंकातून अवरक्ताचा अंक वजा करून त्या वजाबाकीस दोहोंच्या बेरजेने भागावे. उत्तर शून्याहून अधिक आल्यास तो बिंदू सामान्यतः पाण्याचा समजतात. असे ३५० बिंदू भरले, तर पाणपसारा साडेतीन हेक्टर झाला.

हिशेब सोपा असला तरी फसगत येथेच होते. जानेवारी २०२२ अखेरीपासून मूळ प्रतिमांतील प्रत्येक अंकात १,००० मिळविलेले असतात. ते वजा केल्याखेरीज जुन्या-नव्या वर्षांची तुलना करता येत नाही. समजा, पाण्याचे खरे अंक ६०० व २०० आहेत. उत्तर येते ०.५. वजाबाकी विसरल्यास तेच ०.१४ होते, आणि कोणी मर्यादा ०.२ धरली असेल तर भरलेले तळे कागदावर कोरडे ठरते! काही भांडारांत ही वजाबाकी आधीच केलेली असते, तेव्हा प्रतिमेसोबतची नोंद पाहणे अगत्याचे. उलट प्रकारची चूकही घडते. प्रतिमेतील अंक ऋण होऊ न शकणाऱ्या प्रकारचे असल्याने ३०० मधून २,५०० वजा करताच संगणक ६३,३३६ असे उत्तर देतो, आणि शेते पाण्याखाली गेलेली दिसतात. अंक आधी दशांश प्रकारात बदलून घेतले म्हणजे हा घोटाळा टळतो.

पावसाळ्यात ढगांमुळे कित्येक प्रतिमा वाया जातात. तळ्यावर जलपर्णी माजली असेल, तर उपग्रहास तेथे हिरवळच दिसते. शिवाय, मिळते ते केवळ क्षेत्र, खोली नव्हे. गाळाने भरलेले उथळ तळे वरून भरल्यासारखेच भासते. म्हणून ठरावासोबत प्रतिमेचा आकडा व तारीख द्यावी आणि त्याच आठवड्यात तळ्यातील मोजपट्टीवर वाचलेली पातळी शेजारी लिहावी.