होतकरू तरुणांच्या यंत्रस्पर्धा आणि शेतकऱ्याचा प्रश्न

टोमॅटोचा भाव उतरला म्हणजे तोडणीची मजुरीही अंगावर येते, आणि माल बांधावर टाकण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस आहे. हाच प्रश्न शहरांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं हातीं घेतला, त्यावर एक यंत्र बनविलें आणि त्याला परदेशांत मोठें बक्षीस मिळालें, अशी बातमी वाचली म्हणजे आपल्या मनांत दोन प्रकारचे विचार येतात. कोणी म्हणतो, "हा पोरांचा खेळ आहे, याचा नांगराशीं काय संबंध?" दुसरा म्हणतो, "बक्षीस मिळालें त्या अर्थीं यंत्र चांगलेंच असलें पाहिजे. आपणही एक घेऊं." आमच्या मतें हे दोन्ही विचार सारखेच घाईचे आहेत. अशा स्पर्धा म्हणजे काय, त्यांतून शेतकऱ्याच्या हातीं काय लागतें, आणि कांहीं लागावें म्हणून त्यानें स्वतः काय केलें पाहिजे, हें एका खऱ्या उदाहरणावरून सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

स्पर्धेचें स्वरूप :— जमीन, पाणी, हवा व इंधन यांची आज जी उधळपट्टी चालली आहे ती थांबावी, आणि पुढच्या पिढीलाही त्यांचा उपभोग घेतां यावा, अशा हेतूनें जगांत ठिकठिकाणीं तरुणांसाठीं यंत्रांच्या व युक्तींच्या स्पर्धा भरविल्या जातात. प्रथम एक प्रश्न मांडला जातो. मुलें चारसहांची तुकडी करून त्यावर उपाय योजतात, नकाशा काढतात, नमुना तयार करतात व परीक्षकांपुढें तो चालवून दाखवितात. आपल्या देशांत केंद्र सरकारकडून २०१७ सालापासून 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' या नांवाची अशी एक स्पर्धा घेतली जाते. तींत सरकारी खातीं व उद्योगसंस्था आपापले प्रश्न लिहून देतात. प्रत्येक तुकडींत सहा विद्यार्थी असतात, आणि त्यांत निदान एक तरी विद्यार्थिनी असावीच लागते. ज्या प्रश्नांचें उत्तर संगणकावर द्यावयाचें असतें त्यांची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. छत्तीस तासांत किंवा चार महिन्यांत तयार होतो तो नमुना होय, औत नव्हे. पेरणीपासून मळणीपर्यंत चारदोन हंगाम जें टिकतें, गांवच्या लोहाराला जें दुरुस्त करतां येतें आणि ज्याचे पैसे पिकांतून फिटतात, त्यालाच आपण औत म्हणतों. नमुन्यापासून औतापर्यंतची वाट किती लांब असते तें पुढील उदाहरणावरून कळेल.

उन्हाच्या वाळवणयंत्राची हकीकत :— मुंबईस माटुंगा येथें रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. तेथें शिकलेल्या कांहीं तरुणांनीं नासणाऱ्या शेतमालाचा प्रश्न हातीं घेऊन केवळ उन्हावर चालणारें एक वाळवणयंत्र तयार केलें. अमेरिकेंत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाकडून त्या काळीं 'डेल सोशल इनोव्हेशन चॅलेंज' या नांवाची विद्यार्थ्यांची स्पर्धा भरविली जात असे. तिचें २०१३ सालचें ६०,००० डॉलरचें पहिलें बक्षीस या यंत्राला मिळालें.

यंत्राचें तत्त्व समजण्यास प्रथम माल कां नासतो तें पाहिलें पाहिजे. ताज्या टोमॅटोंत शेंकडा सुमारें ९४ भाग पाणी असतें. कांद्यांत सुमारें ८६. बुरशी व सूक्ष्म जंतू यांना वाढण्यास हें पाणी लागतें. तें पुरेसें काढून टाकलें म्हणजे त्यांची वाढ खुंटते, आणि माल महिनोन्महिने टिकतो. आपल्या घरच्या बायका पापड, कुरडया, सांडगे व आंबोशी करतात त्यांत हेंच तत्त्व आहे. तेव्हां कल्पना नवी नाहीं. परंतु उघड्यावर वाळविलेल्या मालावर धूळ बसते, माशा येतात, अवकाळी पाऊस आल्यास सर्व श्रम फुकट जातात, आणि प्रखर उन्हाच्या माऱ्यानें रंगही उडतो. शिवाय वाळण्यास फार दिवस लागले तर मधल्या मध्यें बुरशी धरते. उलट सुरुवातीसच फार कडक आंच दिली तर फोडीचा वरचा थर कडक होऊन आंतील पाणी आंतच कोंडतें. म्हणून उष्णता मध्यम, हवा खेळती आणि फोडी सारख्या जाडीच्या, या तीन गोष्टी साधल्या म्हणजे वाळवण उत्तम होतें.

या यंत्रांत काळ्या रंगाचा धातूचा पत्रा उन्हानें तापतो, आणि त्यावर पसरलेल्या फोडींना तव्यावरच्या भाकरीप्रमाणें खालून ऊब मिळते. झांकण पारदर्शक असल्यामुळें ऊन आंत येतें, पण धूळ येत नाहीं. तापलेली हवा फोडींतील वाफ घेऊन बाहेर पडते. नुसती गरम हवा फोडींवरून फिरविण्यापेक्षां पत्र्याच्या स्पर्शानें ऊब लवकर पोंचते, हीच यांतील युक्ति होय. विजेची गरज नाहीं, इंधन नाहीं.

बक्षिसानंतरचीं दहा वर्षें :— आतां खरा बोध पुढेंच आहे. यंत्र झालें, बक्षीस मिळालें. पण वाळलेला कांदा विकावयाचा कोणास? घरांत दोन किलो आंबोशी खपते, दोनशें किलो खपत नाहीं. बाजार मिळाला नाहीं तर ओला माल बांधावर टाकणारा शेतकरी वाळलेला माल माळ्यावर टाकील, एवढाच फरक. या तरुणांनीं पुढें 'एस फोर एस टेक्नॉलॉजीज' ही कंपनी चालविली. महाराष्ट्रांतील खेड्यांत शेतकरी स्त्रियांच्या हातीं हीं यंत्रें जावीं, त्यासाठीं त्यांना कर्ज मिळावें, त्यांनीं वाळविलेला माल कंपनीनें घ्यावा आणि खाद्यपदार्थ तयार करणाऱ्या कारखान्यांस पुरवावा, अशी सांखळी तिनें उभी केली. २०२३ सालीं इंग्लंडचे युवराज विल्यम यांनीं स्थापिलेलें दहा लक्ष पौंडांचें 'अर्थशॉट' पारितोषिक, नासाडी थांबविण्याच्या विभागांत, याच कंपनीला मिळालें.

पहिल्या बक्षिसापासून दुसऱ्यापर्यंत दहा वर्षें गेलीं. पहिलें बक्षीस युक्तीला होतें. दुसरें, ती युक्ति गांवांत चालवून दाखविली याला होतें. हीं मधलीं दहा वर्षें स्पर्धेच्या बातमींत येत नाहींत, परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्व मोल त्यांचेंच आहे.

हिशेब कसा करावा :— कोणीही वाळवणयंत्र विकावयास आलें तर पुढील हिशेब आपण स्वतः मांडून पाहावा. १०० किलो सोललेल्या कांद्यांत ८६ किलो पाणी व १४ किलो घन भाग असतो. शेंकडा ६ भाग पाणी राहीपर्यंत तो वाळविला, तर सुमारें १५ किलो माल हातीं येतो. म्हणजे ८५ किलो पाणी उडून जावें लागतें. एक किलो पाण्याची वाफ करण्यास विजेच्या मापानें सुमारें दोन तृतीयांश युनिट उष्णता लागते. तेव्हां ८५ किलोंस ५५ ते ६० युनिट झालीं. स्वच्छ उन्हाच्या दिवशीं महाराष्ट्रांत एक चौरस मीटर जागेवर सुमारें ५ ते ६ युनिट ऊन पडतें. तें सर्वच्या सर्व कामीं लागलें तरी १०० किलो कांदा एका दिवसांत वाळविण्यास १० चौरस मीटर पत्रा पाहिजे. आणि निम्मेंच कामीं लागलें, तर २० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याचा पांचवा हिस्सा. यापेक्षां पुष्कळ लहान पेटी दाखवून कोणी "एका दिवसांत शंभर किलो" असें सांगत असेल, तर त्याला हें गणित विचारावें.

दुसरा हिशेब पैशाचा. शंभराचे पंधराच किलो होतात. म्हणून वाळलेल्या किलोचा भाव ओल्या किलोच्या जवळजवळ सातपट मिळाला, तरच मुद्दल निघतें. सोलण्यांतील घट, चिरण्याची मजुरी आणि यंत्राचा हप्ता त्याहून वेगळा. यावरून असें दिसेल कीं, भाव चांगला असतां माल ओलाच विकावा. भाव पडला असतां व गिऱ्हाईक आधीं ठरलेलें असतां वाळवावा.

एक जुनें उदाहरण :— स्पर्धेच्या अटी कशा असाव्या याचा एक जुना दाखला आपल्याच देशांत आहे. अखिल भारत चरखा संघानें महात्मा गांधींच्या पुढाकारानें १९२९ सालीं सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लक्ष रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. ही स्पर्धा केवळ तरुणांसाठीं नव्हती. पण तिच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. यंत्र हलकें व सहज नेतां येण्याजोगें असावें. तें खेड्यांतील साध्या झोंपडींत हातानें वा पायानें चालावें. एका स्त्रीला फार श्रम न होतां आठ तास चालवितां यावें. किंमत १५० रुपयांपेक्षां अधिक नसावी. तें वीस वर्षें टिकावें, आणि वार्षिक दुरुस्तीचा खर्च किंमतीच्या शेंकडा पांचांहून जास्त होऊं नये. आपल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतही या स्पर्धेसाठीं एक यंत्र तयार झालें होतें. परंतु सर्व अटींस उतरणारें यंत्र कोणाकडूनही झालें नाहीं, आणि बक्षीस कोणासही दिलें गेलें नाहीं.

याला कोणी अपयश म्हणेल. आम्हांला यांत मोठा प्रामाणिकपणा दिसतो. प्रश्न घालणाऱ्यानें चालविणारणीचा विचार आधीं केला होता. तिचें घर केवढें, तिच्या हातांत बळ किती, तिच्या गांठीला पैसा किती, यंत्र मोडल्यास दुरुस्तीला काय पडेल, हें सर्व अटींतच लिहिलें होतें. आजच्या स्पर्धांत युक्तीचें नावीन्य पुष्कळ पाहिलें जातें, आणि तें योग्यही आहे; पण शेतीच्या प्रश्नावर या जुन्या अटींसारखी एखादी अट घालणारा कोणी तरी पाहिजे. तो आपल्याखेरीज दुसरा कोण असणार?

शेतकऱ्यांनीं काय करावें :— पहिली गोष्ट, प्रश्न आपण लिहून द्यावा. "माल नासतो" एवढें म्हणून भागत नाहीं. कोणता माल, कोणत्या महिन्यांत, किती किलो, घरांत कामाला माणसें किती, वीज कोणत्या वेळीं येते, आणि किती रुपयांपर्यंत यंत्र परवडेल, हें आंकड्यांनिशीं लिहावें. प्रत्येक संघानें वर्षांतून एकदां असे चारपांच प्रश्न काढून जवळच्या कृषि-महाविद्यालयास व तंत्रनिकेतनास पाठवावे. विद्यार्थ्यांना प्रश्न हवेच असतात. ते आपण दिले नाहींत, तर त्यांना पुस्तकांतून घ्यावे लागतात, आणि मग जीं उत्तरें येतात तीं पुस्तकालाच लागू पडतात.

दुसरी गोष्ट, नमुन्याला अंगण द्यावें. प्रयोगशाळेंत फोडी एकसारख्या चिरलेल्या असतात आणि यंत्रापाशीं नेहमीं एक शिकलेला माणूस उभा असतो. आपल्याकडे वळवाचा पाऊस येतो, शेळी पेटीवर चढते, आणि चिरणारी बाई मध्येंच चुलीकडे जाते. यंत्राची खरी परीक्षा ती हीच. एका हंगामापुरती पांच हात जागा व थोडा माल दिल्यानें आपलें फारसें जात नाहीं. परंतु त्या मुलांना जें शिकावयास मिळतें तें कोणत्याही विद्यालयांत मिळणार नाहीं.

तिसरी गोष्ट, खरा अहवाल द्यावा. पाहुणचार म्हणून "छान आहे" असें म्हणूं नये. बिजागरी कोणत्या दिवशीं तुटली, माल किती काळा पडला, बायकांना किती वेळ वांकून उभें राहावें लागलें, हें तारीखवार लिहून द्यावें. मनांतली नापसंती मनांत ठेवून यंत्र गोठ्यांत टाकून देणें, ही त्या मुलांशीं आणि आपल्याशींही प्रतारणा होय.

शेवटची गोष्ट घरची आहे. आपल्याच घरांत एखादा मुलगा पंपाची मोटार खोलून बसतो, किंवा एखादी मुलगी फवारणीच्या पंपाला नवी नळी जोडून पाहते. आणि आपण 'अभ्यास सोडून हे उद्योग कशाला?' म्हणून रागावतों. या मुलांना शेतीचा प्रश्न कोणी सांगावा लागत नाहीं. भाव पडला त्या दिवशीं ओसरीवर झालेलें बोलणें त्यांनीं ऐकलेलें असतें. त्यांच्या हातीं जुना पत्रा, चार अवजारें आणि शाळेंतील शिक्षकाची ओळख एवढें दिलें, तरी पुष्कळ झालें. बक्षीस मिळेल न मिळेल. पण ज्याचें पीक बांधावर गेलें, त्याच्याच घरांतून उत्तर निघालें, तर तें गांवांत टिकण्याचा संभव अधिक आहे, असें आम्हांस वाटतें.