बिलाची दोन टोके

नाशिकमध्ये चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही जकात नाका आठवतो. मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकची लांबलचक रांग, खिडकीशी कागद धरून उभा असलेला क्लीनर, ताडपत्री सोडायला लावून माल पाहणारा नाकेदार. कर चुकवायचा तर नाका चुकवायचा, एवढे सोपे गणित होते. २०१३ मध्ये जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला त्यातून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. ट्रक आता नाक्यावर थांबत नाही. पण त्यात काय भरले आहे, ते कुणी कुणाला विकले आणि त्यावर कर किती, हे तो गेटबाहेर पडण्याआधीच सरकारदरबारी नोंदलेले असते.

नाशिकमध्ये या नोंदींवर दोन कार्यालयांची नजर असते. राज्य जीएसटीचे कार्यालय पाथर्डी फाट्यावर आहे, तर केंद्राचे नाशिक आयुक्तालय नागपूर परिक्षेत्राखाली येते. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीचे ९० टक्के करदाते राज्याकडे आणि १० टक्के केंद्राकडे, त्यावरचे निम्मे-निम्मे, अशी वाटणी सुरुवातीलाच ठरली. त्यामुळे सातपूर एमआयडीसीत भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन कारखान्यांचे अधिकारी वेगवेगळे असू शकतात. माहिती मात्र एकाच ठिकाणी, जीएसटीएन या कंपनीच्या सर्व्हरवर साठते. कंपनी २०१३ ची. तिची संगणकयंत्रणा उभारण्याचे १,३८० कोटींचे काम २०१५ मध्ये इन्फोसिसला मिळाले. देशभरातल्या बिलांच्या या ढिगातून संशयास्पद तेवढे वेगळे काढून देणारी दोन साधने अधिकाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात असतात. एक जीएसटीएनचे ‘बिफा’, म्हणजे बिझनेस इंटेलिजन्स अँड फ्रॉड ॲनालिटिक्स. दुसरे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचे, २०२१ मध्ये आलेले ‘अद्वैत’.

या विद्येत महाराष्ट्राचा हात आधीपासून बसलेला होता, हे सांगितले पाहिजे. १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला आणि पुढे विक्रीकर खात्याने लेखापरीक्षण अहवालाच्या नमुना ७०४ ला दोन जोडपत्रे लावली. जे-१ मध्ये कुणाला किती विकले आणि जे-२ मध्ये कुणाकडून किती घेतले, हे नंबरनिशी लिहायचे. दोन्ही याद्या संगणकावर शेजारी ठेवल्या की खोटे आपोआप वर येई. एकाने खरेदी दाखवली, पण समोरच्याच्या यादीत ती विक्रीच नाही. यातून माल न देता नुसती बिले फाडणारे ‘हवाला डीलर’ सापडले आणि खात्याने त्यांची नावे थेट आपल्या संकेतस्थळावर लावली. त्या याद्यांनी व्यापारी पेठांची झोप उडवली. ज्यांनी खरोखर माल घेतला होता, पैसे चेकने दिले होते, त्यांच्याकडेही वसुली निघाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. महालक्ष्मी कॉटन खटल्यात ११ मे २०१२ रोजी न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली: विकणाऱ्याने कर तिजोरीत भरला असेल तेवढ्याचीच वजावट घेणाऱ्याला मिळेल. आज जीएसटीत जो वाद पेटलेला आहे, त्याची ठिणगी आपल्याच राज्यातली आहे.

यंत्र नेमके काय पाहते, ते एका बिलावरून समजून घेऊ. समजा, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या मशिन शॉपने पाच लाखांचे स्टीलचे राऊंड बार घेतले. १८ टक्क्यांनी कर झाला ९० हजार. हे ९० हजार मशिन शॉपच्या मालकाने विकणाऱ्याला दिले आणि आता ते आपल्या विक्रीवरच्या करातून तो वजा करणार, हेच क्रेडिट. विकणारा पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात हे बिल चढवतो. १४ तारखेला ते घेणाऱ्याच्या २बी या क्रेडिटच्या यादीत उतरते. मग २० तारखेपर्यंत दोघांनीही ३बी हे करभरणीचे विवरणपत्र भरून हिशेब पुरा करायचा. (पाच कोटींच्या आतल्यांना तिमाहीचा पर्याय आहे, तपशील थोडा बदलतो.) विकणाऱ्याने जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेला कर आणि ३बी मध्ये भरलेला कर, घेणाऱ्याच्या २बी मध्ये दिसणारे क्रेडिट आणि त्याने प्रत्यक्ष घेतलेले क्रेडिट, यातल्या कुठल्याही जोडीत फरक पडला की यंत्र खूण करते.

सुरुवातीला या जुळवणीत ढील होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये पोर्टलवर न दिसणाऱ्या बिलांवर २० टक्के जादा क्रेडिट घ्यायची मुभा होती. ती आधी १० टक्क्यांवर, मग ५ टक्क्यांवर आली आणि १ जानेवारी २०२२ पासून संपली. आता २बी मध्ये नाही ते मिळत नाही. त्यात ई-इन्व्हॉइसची भर पडली. ऑक्टोबर २०२० मध्ये ती पाचशे कोटींच्या वरच्या उलाढालीच्या कंपन्यांना लागू झाली आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत पाच कोटींपर्यंत खाली आली. बिल तयार होताक्षणी सरकारी पोर्टलवर नोंदले जाते आणि क्रमांक व क्यूआर कोड घेऊन परत येते. मागची तारीख टाकून बिल बनवणे त्यामुळे अवघड झाले.

एका बिलातली तफावत पकडणे हे या साधनांचे साधे काम. त्यांची खरी ताकद साखळी ओळखण्यात आहे. एका फर्मने दुसरीला विकले, दुसरीने तिसरीला, तिसरीने पुन्हा पहिलीला. माल जागचा हलला नाही, पण तिघांचीही उलाढाल फुगली, क्रेडिट फिरत राहिले आणि त्या उलाढालीवर बँकेचे कर्जही मिळाले. कागदावर प्रत्येक बिल पक्के असते. एकेक फाईल तपासणाऱ्या माणसाला हे वर्तुळ दिसणार नाही. सगळे व्यवहार एकाच जाळ्यात मांडणाऱ्या संगणकाला ते दिसते. दहा फर्म्सचा मोबाईल नंबर एकच, नोंदणी होऊन दोन महिने झाले नाहीत तोच कोट्यवधींची विक्री, कर रोखीने जवळपास शून्य आणि सगळा क्रेडिटमधून फेडलेला: ही बोगस फर्मची ठरलेली लक्षणे आहेत. अशा खुणांवरून निवडलेल्या नोंदणी क्रमांकांवर १६ मे ते १५ जुलै २०२३ या दोन महिन्यांत देशभर मोहीम झाली. २१,७९१ ठिकाणी फर्मच अस्तित्वात नव्हती आणि संशयित करचुकवेगिरी २४,०१० कोटींची निघाली.

रस्त्यावरच्या मालाचे गणित ई-वे बिलावर, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन नोंदीवर, चालते. समजा, अंबडहून इंदूरला माल निघाला. बिलात गाडीचा नंबर भरला की तो ‘वाहन’ या गाड्यांच्या नोंदणी यंत्रणेतल्या नोंदींशी ताडला जातो. दहा टन लोखंड स्कूटरवर निघाल्याचे दाखवणे आता तितके सोपे नाही. १ जानेवारी २०२१ पासून फास्टॅगही ई-वे बिलाला जोडला आहे. इंदूरकडे जाणारा ट्रक पिंपळगाव बसवंतच्या टोलवर दिसायला हवा, मग चांदवडला. मुदतही ठरलेली, दर २०० किलोमीटरला एक दिवस. बिल निघाले, मुदत संपली आणि गाडी एकाही टोलवर दिसली नाही, तर अधिकाऱ्याने विचारलेच पाहिजे.

आणि तरी या यंत्राला नाशिक पुरते दिसत नाही. जिल्ह्याची ओळख ज्या मालावर आहे, तोच त्याच्या नजरेबाहेर आहे. ताजा कांदा करमुक्त. त्याला ई-वे बिलही लागत नाही, म्हणून लासलगावहून निघालेला कांद्याचा ट्रक या हिशेबात रस्त्यावर नसतोच. ताजी द्राक्षे करमुक्त. त्यांचा बेदाणा झाला की प्रश्न वेगळा. शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर नाही, हा खुलासा करायला जीएसटी परिषदेला डिसेंबर २०२४ ची जैसलमेरची बैठक गाठावी लागली. तीच द्राक्षे वायनरीत गेली तर वाईन जीएसटीच्या बाहेर, कारण पिण्याच्या मद्यावर कर राज्याचा. पण वाईनची रिकामी बाटली, बूच, लेबल आणि खोका आत. म्हणजे वायनरीच्या खात्यात खरेदी भरपूर आणि जीएसटीची विक्री नाही. हे चित्र दुसऱ्या कुठल्या धंद्यात संशयाचे ठरेल. इथे ते अगदी सरळ आहे. मालेगावच्या यंत्रमागांचेही तसेच. सप्टेंबर २०२५ पर्यंत कृत्रिम धाग्याच्या सुतावर १२ टक्के आणि कापडावर ५ टक्के कर होता. विणकराकडे क्रेडिट साचून परताव्याचे अर्ज वाढणे यात काही लबाडी नव्हती, दरांची रचनाच उलटी होती. जिल्हा ठाऊक असलेला अधिकारी अशी खूण पाहून कारण लगेच ओळखतो. ठाऊक नसलेला नोटीस काढतो.

माझे मत इथे स्पष्ट सांगतो. ही साधने हवीत, आणखी चांगली हवीत. बोगस बिलावर धंदा करणारा माणूस सचोटीने कर भरणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा कराच्या रकमेएवढे स्वस्त विकू शकतो आणि त्याला बाजारातून उठवतो. त्याला पकडणे हे प्रामाणिक व्यापाऱ्याच्या हिताचे आहे. पण यंत्राने केलेली खूण हा संशय असतो, निकाल नसतो. २०१७-१८ च्या प्रकरणांत आदेश काढण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२३ ला संपत होती, तेव्हा त्याआधी नोटिसांचा पाऊस पडला. त्यातल्या कितीतरी तफावती नव्या पोर्टलवर गोंधळलेल्या अकाउंटंटांच्या चुका होत्या: चुकीच्या रकान्यात भरलेला आकडा, नंबर न टाकलेले बिल, एका महिन्याचे दुसऱ्यात गेलेले. खुद्द केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळालाच २७ डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकाने पहिल्या दोन वर्षांसाठी पुरवठादाराचे किंवा सीएचे प्रमाणपत्र मान्य करावे लागले.

अंबडच्या त्या मशिन शॉपवाल्याकडे परत येऊ. विकणाऱ्याने जीएसटीआर-१ भरला, २बी मध्ये बिल दिसले, पण ३बी भरलाच नाही आणि ९० हजार खिशात घातले. डिसेंबर २०२२ मध्ये आलेला नियम ३७-अ सांगतो की वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत त्याने ३बी भरला नाही, तर ३० नोव्हेंबरपर्यंत घेणाऱ्याने क्रेडिट परत करायचे. एकाच करासाठी त्याने दोनदा पैसे मोजायचे. कलकत्ता उच्च न्यायालयाने सनक्राफ्ट एनर्जी प्रकरणात २ ऑगस्ट २०२३ रोजी म्हटले की आधी विकणाऱ्याच्या मागे जा, अपवाद असेल तरच घेणाऱ्याकडे या. हाच न्याय मला योग्य वाटतो. बुडवणारा कोण, हे ज्या यंत्राला सगळ्यात आधी कळते, त्याच्या मालकांनी दार ठोठावायचे ते बुडवणाऱ्याचेच. दुकान आहे का, माल आहे का, लाईटबिलावरचा पत्ता खरा आहे का, हे शेवटी निरीक्षकाला जाऊनच पाहावे लागते. नाशिकमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची कामे सध्या जोरात आहेत. अडीच लाखांवरच्या सरकारी कंत्राटांच्या बिलांतून २ टक्के टीडीएस कापला जातो आणि त्याचीही नोंद यंत्रात जाते. पुढची काही वर्षे या नोंदींतून नोटिसा निघतील. त्या काढण्याआधी एकदा साइटवर जावे, एवढीच मागणी.

आणि व्यापाऱ्यांनाही एक सांगणे आहे. नव्या पार्टीला पैसे देण्याआधी तिचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहा. नोंदणी चालू आहे की रद्द, शेवटचे रिटर्न कधी भरले, हे तिथे दिसते आणि त्यासाठी लॉगिनही लागत नाही. १४ तारखेला २बी उघडा, ३बी आधी भरू नका. ट्रकची पावती, वजनकाट्याची चिठ्ठी आणि बँकेचा उतारा बिलाला टाचून ठेवा. मार्च २०२३ मधल्या इकॉम गिल कॉफी निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्यवहार खरा असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे, आणि ती नुसत्या बिलाने पुरी होत नाही.