दद्रु आणि रानातील गंधतेले : नाव नव्हे, घटक पाहावा

चरकाचार्यांनी दद्रूची गणना क्षुद्रकुष्ठांत केली, तर सुश्रुताचार्यांनी महाकुष्ठांत. गजकर्णाचे आजचे हट्टी रूप पाहता सुश्रुतांचे मत अधिक समर्पक वाटते. स्टेरॉईडमिश्रित मलमांनी व्याधी दबतो, पण बुरशी पसरतच राहते. २०२० साली स्वतंत्र नाव मिळालेल्या 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' या बुरशीचे अनेक प्रकार टर्बिनाफिनलाही दाद देत नाहीत. अशा वेळी रानातील गंधतेलांकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या डोंगराळ भागात रोहिष गवत, निर्गुडी, रानतुळस या वनस्पती वैद्यांच्या परिचयाच्या आहेत. रोहिष तेलातील जिरॅनिऑल बुरशीच्या पेशीपटलास इजा करते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परंतु रोहिषाचे 'मोतिया' व 'सोफिया' असे दोन प्रकार असून पहिल्यात जिरॅनिऑल विपुल, तर दुसऱ्यात अल्प असते. गवत दिसावयास सारखेच! 'रानतुळस' हे नावही एकाहून अधिक वनस्पतींना दिले जाते. त्यांतील 'ऑसिमम ग्रॅटिसिमम' या एकाच जातीच्या तेलात कोठे युजेनॉल, तर कोठे थायमॉल प्रमुख आढळते. म्हणजे बाटलीवरील नाव हे गुणाचे प्रमाण नव्हे.

म्हणून औषधीनिर्मात्यांनी प्रत्येक खेपेच्या तेलाचा गॅस क्रोमॅटोग्राफी अहवाल मागावा, असे आम्ही सुचवितो. तेल गडद काचेच्या घट्ट बुचाच्या बाटलीत, थंड जागी ठेवावे. तैलपाक चालू असताना ते घातल्यास उडून जाते. पाक निवल्यावरच मिसळावे.

वैद्यबांधवांनी काचपात्रातील यश आणि त्वचेवरील उपशय यांत गल्लत करू नये. शुद्ध तेल त्वचेचा दाह करते. तीळ अथवा खोबरेल तेलात शेकडा एक-दोन भाग मिसळून प्रथम लहानशा जागी लावून पाहावे. शक्य तेथे खरवडीची सूक्ष्मदर्शक तपासणी करावी. व्याधी सर्वांगी पसरलेला असल्यास वा रुग्ण मधुमेही असल्यास केवळ तेलावर विसंबू नये.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथील वनस्पती ओरबाडण्यापेक्षा बांधावर मोतिया रोहिषाची लागवड करणे श्रेयस्कर. त्यायोगे कच्च्या मालाची ओळखही पक्की राहील. ज्या नगरात १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय उभे राहिले आणि ज्या नगराच्या गंगाधरशास्त्री गुणे यांनी 'औषधिगुणधर्मशास्त्र' लिहिले, तेथील व्यावसायिकांनी द्रव्याचा गुण पारखूनच ते रुग्णाच्या हाती द्यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.